सकाळी कुणाचं दुखत नाही?

७ जानेवारी

परत नॉर्मल! एक्सरे नॉर्मल, रक्त नॉर्मल, मी नॉर्मल. हाडांचे डॉक्टर फिल्म उजेडात धरून म्हणाले, "बघ, किती छान कणा आहे!" मी चक्क थँक्यू म्हणाले. थँक्यू!! वर्षभर कंबर दुखतेय आणि मी कौतुक घेऊन घरी येते.

मग विचारलं, काय करतेस. म्हटलं, लहान मुलांना क्लाइंबिंग शिकवते, दोर बांधून भिंत चढायला. हसलेच ते. "भिंती चढणाऱ्या मुलीची कंबर दुखते? मग आम्ही काय करायचं?" स्नायू ताणला असेल म्हणे. आराम कर.

बाबांना सांगितलं तर त्यांचं ठरलेलं ब्रह्मवाक्य — "सकाळी कुणाचं दुखत नाही? उठायचं, चालायचं, जातं." स्वतः सगळ्यांच्या आधी उठून घरभर फेऱ्या मारतात. त्यांना काय!

९ जानेवारी

आराम. आराम. वैताग.

१६ जानेवारी

आरामाने पार वाट लावली. आज पलंगावरून उठायचं म्हणजे प्रोजेक्ट — आधी कुशीवर, मग पाय खाली, मग हाताने रेटा. मोजे घालताना रडूच आलं. आई दारात. "अगं बाई, म्हातारी झालीस की!" हसली. मग थांबली हसायची.

२२ जानेवारी

आराम गेला खड्ड्यात. भिंतीवर गेले. आधी चारदा खाली उतरले, पण दुपारपर्यंत अंग इतकं मोकळं झालं की वरच्या पिवळ्या पकडीला हात लावून आले!

म्हणजे काय समजायचं? मेहनत केली की बरं आणि झोपले की वाईट? उलटंच हे. असं दुखणं असतं का कुठे? की हाडांचे डॉक्टर बरोबर आहेत आणि मी उगाच —

नाही. मोजे खोटे नव्हते.

३० जानेवारी

सकाळच्या बॅचला परत उशीर. आमच्या भिंतीचे मुख्य कोच म्हणाले, "तुझं दुखणं भारी शिस्तीचं आहे गं. बरोब्बर सकाळी येतं, संध्याकाळी सुट्टी!" सगळे हसले. मीही हसले. नंतर बाजूला घेऊन हळूच बोलले — महिनाभर बघतो, नाहीतर बॅच दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल. राग आला नाही त्यांचा. दोर धरायला माणूस वेळेवर लागतोच.

पण माझी चिमणी पोरं! जी वर जाऊन घाबरतात आणि फक्त माझं ऐकून खाली येतात.

प्लास्टर असतं तर बरं झालं असतं. लोकांनी त्यावर सह्या केल्या असत्या.

६ फेब्रुवारी

आता सांध्यांच्या डॉक्टर शोधल्यात. त्यांना नीट सांगायचं म्हणून जेवताना प्रॅक्टिस. आई म्हणाली, नुसतं "दुखतं" काय सांगतेस? ठणकतं का? सलतं? चमक येते? कळ? शिणशिणतं? बापरे, एवढी व्हरायटी! इंग्रजी शाळेत आम्हाला दुखण्याला एकच शब्द होता, 'पेन'.

मी एकेक शब्द लावून बघत होते. कुठलाच बसेना. तेवढ्यात बाबा पेपरमागून म्हणाले, "आखडतं. रात्रीत आत सिमेंट ओतल्यासारखं. हललं की तडे जातात, मग सुटतं."

तेच! अगदी तेच! मी टाळ्या वाजवल्या. आई म्हणाली, "बघ, तुझे बाबा कवी निघाले."

१३ फेब्रुवारी

गेले संध्याकाळी, भिंतीवरून थेट. टुणटुणीत! वाकून दाखव म्हणाल्या, वाकले. मला माझाच राग आला. पण या डॉक्टर हसल्या नाहीत. विचारलं, "वेळ नेहमी संध्याकाळचीच घेतेस?" हो, म्हटलं, सकाळी हलताच येत नाही ना.

"मग मला तीच मुलगी बघायची आहे. उद्या झोपेतून उठून तशीच ये. व्यायाम नाही, गरम पाण्याची आंघोळ नाही."

सगळ्या डॉक्टरांकडे मी बरी होऊनच जात होते! शहाणीच आहे मी.

१४ फेब्रुवारी

बाबांनी गाडीने नेलं. गाडी मागे घेताना नेहमीप्रमाणे आई रस्त्यावर — "या, या, या... थांबा!" बाबा मागे वळून बघत नाहीत कधीच. आई म्हणते, ताठा!

डॉक्टरांपुढे वाकले तर हात गुडघ्यांशीच अडकले. त्यांनी टेप लावून पाठ मोजली. "घरात कुणाला असा त्रास?" बाबा म्हणाले, "छे! आमच्याकडे सगळे ठणठणीत." मागून नर्सने त्यांना हाक मारली, तर बाबा खुर्चीसकट वळले. डॉक्टर बघत राहिल्या त्यांच्याकडे. मग मला एमआरआय लिहून दिला.

२६ फेब्रुवारी

सापडलं!!! कण्याच्या तळाशी सांध्यांना सूज. साध्या एक्सरेत एवढ्यात दिसत नाही म्हणे. नाव इतकं लांब की पाठ करावं लागेल. बरं होऊन संपणारं नाही, पण औषध आहे, आणि चढणं बंद नाही — उलट चढच म्हणाल्या. मी रडले. डॉक्टरांना वाटलं घाबरून. नाही हो, खोटी नव्हते म्हणून!

कोचना फोन केला. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग — "औषध लागू पडेपर्यंत तू संध्याकाळची बॅच घे. चिमण्यांना तिकडे हलवतो." परत रडले.

डॉक्टर समजावत होत्या: निरोगी माणूस सकाळी उठतो, सरळ उभा राहतो, मोजे घालतो, बस्स. बाबा ऐकत होते. पार्किंगमध्ये स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. किल्ली फिरवलीच नाही बराच वेळ. मला वाटलं, माझंच टेन्शन.

२७ फेब्रुवारी

पहाटे स्वयंपाकघरात बाबा ओट्याला दोन्ही हात टेकून उभे. माझी चाहूल लागली तसे वळले — अख्खेच्या अख्खे, पावलं टाकत.

"म्हणजे," म्हणाले, "सगळ्यांचं नाही दुखत?"