ॲडमिशन मिळाली होती, बाबा

वेम्बली,
फेब्रुवारी १९९६

प्रिय बाबा,

तुम्हाला जाऊन पाच आठवडे झाले आणि मी आज तुम्हाला पत्र लिहायला बसले आहे. मराठीतच लिहिते. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर लाल पेनाने गोल करायला आता तुम्ही नाही. तरी जपून लिहिते, सवय जात नाही.

कारण सांगते. काल तुमच्या पेन्शनचा फॉर्म भरायला आईने मला कागदांचे सगळे फोल्डर काढून दिले. बॉयलरच्या गॅरंटीच्या फोल्डरमध्ये अमेरिकेहून आलेलं एक पत्र होतं. तुमच्या नावाचं, आठ वर्षांपूर्वीचं. त्या युनिव्हर्सिटीच्या ॲडमिशन ऑफिसमधल्या बाईंनी लिहिलं होतं की, तुमच्या मुलीला आम्ही प्रवेश दिला होता, तिनेच नकाराचं कार्ड पाठवलं, आम्हाला वाईट वाटलं.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं! मी खोटं बोलले हे आठ वर्षं माहीत होतं, आणि तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत. का, बाबा? मी कार्पेटवर बसून ते पत्र चार वेळा वाचलं. आई किचनमधून विचारत होती, "सापडला का गं नंबर?" आणि मला कुठला नंबर तेच आठवेना.

सुरुवात मिस्टर बेनेटनी केली. पोस्टाच्या सॉर्टिंग ऑफिसमध्ये तुमच्या शेजारच्या खणांच्या फ्रेमवर पत्रं लावणारे, जमैकाचे. त्यांची भाची अमेरिकेत शिकत होती, गुलामगिरी संपल्यावर काळ्या लोकांच्या मुलांसाठी निघालेल्या एका युनिव्हर्सिटीत. तिचं माहितीपुस्तक तुम्ही जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून घरी आणलंत. मी सतरा वर्षांची होते. तुम्ही ते टेबलावर ठेवलंत आणि आधी हात धुऊन आलात!

'आमचे विद्यार्थी' असं एक पान होतं, आठवतं? बहुतेक सगळे काळे, मुलांपेक्षा मुली जास्त, कितीतरी जण घरातले कॉलेजला जाणारे पहिलेच. थोडे कॅरिबियनचे, थोडे आफ्रिकेचे, आणि शेवटी एक ओळ, की इतर सर्वांचंही स्वागत आहे. तुम्ही ते पान मला मोठ्याने वाचायला लावलंत. मग तुमचं बोट पुढच्या पानावर होस्टेलच्या माहितीवर थांबलं.

"एका खोलीत दोघी," तुम्ही म्हणालात. "हे पाह्य. दोघी दोघी राहतात."

मला वाटलं, तुम्ही त्याबद्दल तक्रार करताय.

आईला काही पटलं नाही. "इथे कौन्सिल फी भरते, वर ग्रँट देते. तिथे फी आपण भरायची, खोलीचे, जेवणाचे, दवाखान्याच्या इन्शुरन्सचे पैसे आपण द्यायचे, आणि विमान वेगळं. काऊन?" तिचं चुकीचं नव्हतं. तुम्ही एवढंच म्हणालात, "अर्धी फी माफ होते मार्क चांगले असले तर. बाकी मी पाहतो." आणि शनिवारचा ओव्हरटाइम घ्यायला लागलात.

मग तो फॉर्म! त्यांना हायस्कूलचा ट्रान्सक्रिप्ट हवा होता. आमच्या शाळेत तो कशाला म्हणतात हेच कुणाला माहीत नव्हतं. करिअरचा सल्ला देणाऱ्या मिसनी माहितीपुस्तक उलटंपालटं केलं आणि हळूच विचारलं, "बट डिअर, हे ब्लॅक स्टुडंट्ससाठी आहे ना?"

"आय ॲम ब्लॅक, मिस," मी म्हटलं.

मी खोटं बोलत नव्हते. तेव्हा आम्ही सगळे तसंच म्हणायचो. शाळेबाहेर आम्हाला 'घरी जा' म्हणून ओरडणाऱ्यांना जमैकाची माझी मैत्रीण मर्सिया आणि नागपूरची मी, दोघी सारख्याच दिसायचो. यूथ क्लबच्या मीटिंगमध्ये ती आणि मी एकाच बॅनरची दोन टोकं धरायचो. पण मी तो फॉर्म तिला दाखवला तेव्हा ती जरा थांबून म्हणाली, "तिथे पण तू ब्लॅक असशील का गं?" चिडवत नव्हती, खरंच विचारत होती.

आणि मग तो रविवार, निबंधाचा. 'तुम्हाला इथे का शिकायचंय, स्वतःबद्दल लिहा.' मी पहिलं वाक्य लिहिलं, मी एक ब्लॅक ब्रिटिश मुलगी आहे. तुम्ही चष्मा लावून वाचलंत.

"तू ब्लॅक कशी?"

"इथे आपण सगळे ब्लॅकच आहोत, बाबा. पोलिटिकली."

तुम्ही चष्मा काढून ठेवलात. मग म्हणालात, "खरं लिहायचं तर पूर्ण खरं लिही. आपण महार आहोत."

आईने नळ बंद केला. "पोरीला काऊन सांगून राहिले?"

मला तो शब्द माहीतच नव्हता, बाबा! आपण बौद्ध आहोत एवढं माहीत होतं. काही घरी गेलो की तुम्ही 'जय भीम' म्हणायचात आणि काही घरी 'नमस्कार', हे मी पाहिलं होतं, पण मला वाटायचं ते 'हॅलो' आणि 'गुड मॉर्निंग'सारखं काहीतरी असेल. गणपतीच्या कार्यक्रमात एक काकू आईला विचारायच्या, "मेश्राम म्हणजे तुम्ही नेमके कुठले?" आणि आई म्हणायची, "नागपूरचे." मला वाटायचं त्या काकूंना भूगोल आवडतो.

त्या दुपारी तुम्ही मला सांगितलंत. नागपूरला कॉलेजच्या होस्टेलमध्ये तुम्हाला तिघांच्या खोलीत जागा मिळाली. आठवड्यात एका मुलाचे वडील आले, मग दुसऱ्याचे. त्या दोघांच्या खोल्या बदलल्या. तुम्ही वर्षभर तिघांच्या खोलीत एकटे राहिलात. तीन खाटा, तीन टेबलं. बाकीची मुलं म्हणायची, मेश्राम, तुझी मजा आहे बुवा, अख्खी खोली! दुसऱ्या वर्षी तुम्ही परत गेला नाहीत.

"हे लिही," तुम्ही म्हणालात.

मी लिहिलं. तुम्ही सांगत गेलात आणि मी इंग्रजी करत गेले. मध्येच तुम्ही विचारायचात, "'लोन्ली' म्हणू नको. दुसरा शब्द नाही का?" शेवटी तो शब्द काढूनच टाकला. निबंध चांगला झाला होता, हे मला लिहितानाच कळत होतं. पण तो माझा नव्हता. मला तर लहानपणापासून स्वतःची खोली हवी होती!

मार्चमध्ये पत्र आलं. तुम्ही पहाटेच्या शिफ्टला गेला होतात, आई बाथरूममध्ये होती. दारातल्या मॅटवरून मी ते उचललं आणि ब्लेझरच्या आत घातलं. बसमध्ये उघडलं. प्रवेश मिळाला होता. अर्धी फी माफ होती. आणि खाली शाईने वेगळं लिहिलं होतं की, तुमचा निबंध आमच्या कमिटीने एकमेकांना वाचून दाखवला.

मी आनंदाने ओरडायला हवं होतं, नाही? मी ते घडी करून परत ब्लेझरच्या आत सरकवलं. त्यांनी मला घेतलंच नव्हतं, बाबा. त्यांनी तुम्हाला घेतलं होतं. मी तिथे गेले असते तर पहिल्याच दिवशी कुणीतरी म्हणालं असतं, त्या खोलीबद्दल लिहिणारी तूच ना? मी काय सांगणार होते? हे एक कारण. दुसरं म्हणजे मर्सिया लेस्टरला युनिव्हर्सिटीत जाणार होती आणि मला तिच्याबरोबर जायचं होतं. तिसरं, मला भीती वाटली. यातलं खरं कारण कुठलं, ते आज सव्विसाव्या वर्षीही मी सांगू शकत नाही. त्यांनी सोबत पाठवलेल्या कार्डावर मी 'नको' या चौकोनात खूण केली आणि शाळेच्या कोपऱ्यावरच्या पेटीत टाकलं.

तुम्ही रोज विचारायचात, "काही आलं का?" दहाएक दिवसांनी मी सांगितलं, "आलं. नाही म्हणाले."

"काऊन?"

आणि मी म्हटलं, "आपण ब्लॅक नाही म्हणून."

हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं? मार्क कमी पडले म्हणू शकले असते. जागा भरल्या म्हणू शकले असते. जगात इतकी कारणं असताना तुम्हालाच मी नेमकं हेच सांगितलं! तुम्ही फक्त "बरं" म्हणालात आणि बाहेर जाऊन गाडी धुवायला लागलात. गाडी स्वच्छच होती.

आई मात्र बोलली. "घ्या. आता त्यांनीही आपल्याला बाहेर उभं केलं." त्या वर्षी मिस्टर बेनेटनी ईस्टरला जेवायला बोलावलं तर आपण गेलो नाही. तुम्ही त्यांच्याशी बोलणं टाकलंत. एका हाताच्या अंतरावर उभं राहून दोन माणसं पत्रं लावत होती आणि बोलत नव्हती, माझ्यामुळे! मला तेव्हा ते दिसत होतं आणि तरी मी गप्प बसले.

मग जूनमध्ये एक दिवस तुम्ही आईला चिवडा करायला सांगितलात. भरपूर. "कुणासाठी?" "बेनेटसाठी." आई पुटपुटली, पण केला. मला वाटलं, तुमचा राग आपोआप ओसरला. काल पत्रावरची तारीख पाहिली तेव्हा कळलं. ते पत्र जूनच्या पहिल्या आठवड्यातलं आहे. नकाराचं कारण तुम्ही त्यांना लिहून विचारलं होतंत. अर्थात विचारणारच. मला कसं सुचलं नाही?

आणि तरी सप्टेंबरमध्ये तुम्हीच मला लेस्टरला सोडायला आलात. ट्रंक दोन जिने वर नेलीत, मला हात लावू दिला नाहीत. होस्टेलमध्ये माझी खोली उघडली तर एक खाट, एक टेबल. तुम्ही दारातच उभे राहिलात.

"एकटीच?"

"सगळ्यांनाच एकेक आहे, बाबा. इथे तसंच असतं."

तुम्ही डावीकडची खोली पाहिलीत, उजवीकडची पाहिलीत. तिथे मुली सामान लावत होत्या. त्यांनाही एकेक खाट होती. मग तुम्ही आत आलात. त्या वेळी तुमच्या खिशात सगळं सत्य होतं! माझ्यावर रागवायचं होतंत ना! तिथेच रागवायला हवं होतं. तुम्ही खिडकी नीट लागते का ते पाहिलंत आणि निघालात.

काल रात्री माझ्याने झोपवेना. आज सकाळी मी इल्फर्डला मिस्टर बेनेटकडे गेले. ते आता रिटायर झालेत, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. तुमच्या अंत्ययात्रेला काठी घेऊन आले होते, आईने त्यांच्याकडे नीट पाहिलंही नव्हतं. मी पत्र त्यांच्यापुढे ठेवलं.

"ओह, दॅट," ते म्हणाले. "मेशने त्या दिवशी सगळ्या शिफ्टला क्रीम केक आणले होते."

ते तुम्हाला मेश म्हणायचे हे मला माहीत नव्हतं.

"केक? कशाबद्दल?"

"आम्हीही विचारलं. तर म्हणाला, माय डॉटर गॉट इन. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग म्हणाला, अँड शी सेड नो. हे तर तो आणखी जोरात म्हणाला. मी विचारलं, मेश, मग केक कशाचे? तर म्हणे, आमच्या घराण्यात युनिव्हर्सिटीला नको म्हणणारी ही पहिली."

मी त्यांना विचारलं, "ते हसत होते का?"

मिस्टर बेनेटनी खूप विचार केला. "हसत होता," ते म्हणाले. "पण त्याने स्वतः केक खाल्ला नाही. आणि मला म्हणाला, तिला मी ओळखतो, तिचं तिला सांगावंसं वाटेल तेव्हा सांगेल. तू मध्ये पडू नको."

तुम्ही वाट पाहत होतात! आठ वर्षं! दर दिवाळीला मी घरी यायचे, आपण बातम्या पाहायचो, तुम्ही माझ्याकडे ग्रॅज्युएशनचा फोटो फ्रेम करून मागितलात, आणि या सगळ्यात तुम्ही वाट पाहत होतात का? की विसरला होतात? की खरंच आनंद झाला होता? मला एक धरलं की दुसरं सुटतं, बाबा.

आणि पत्राच्या शेवटची ती ओळ. बाईंनी लिहिलंय, 'आपण विचारल्याप्रमाणे, प्रवेशासाठी वयाची अट नाही.' हे तुम्ही कुणासाठी विचारलंत? मी नंतर कधी जाईन म्हणून? की स्वतःसाठी? तुम्ही तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचे होतात. मिस्टर बेनेटना माहीत नाही. "मला कधी बोलला नाही," म्हणाले. आता हे मला कोण सांगणार? तुम्ही माझ्यावर थोडा जरी विश्वास टाकून रागावला असतात तर मीही विचारू शकले असते ना? हा माझा तुमच्यावरचा राग आहे. लहान आहे, पण आहे.

आई अजूनही तेच मानते. मागच्या आठवड्यातसुद्धा टीव्हीवर अमेरिकेतल्या काळ्या मुलांचं काहीतरी लागलं होतं तर तिने चॅनल बदललं. "त्यांनी माझ्या पोरीला घेतलं नाही," म्हणाली. इतक्या वर्षांनी! आणि मी तिच्या शेजारी बसून चहा पीत होते.

म्हणून वचन देते. येत्या रविवारी मी मिस्टर बेनेटना आपल्याकडे जेवायला बोलावलं आहे. ते येणार हे आईला अजून सांगितलेलं नाही, आज सांगेन. जेवण सुरू व्हायच्या आधी, त्यांच्यासमोर, मी तिला मराठीत सांगणार आहे की त्यांनी मला घेतलं होतं, मीच नको म्हटलं, आणि त्यांच्या नावावर खोटं बोलले. मग तेच त्यांना इंग्रजीत सांगेन, कारण मी तुम्हाला कोणतं कारण सांगितलं होतं ते तुम्ही त्यांना कधी कळू दिलं नाहीत. आई काय म्हणेल मला माहीत नाही. कदाचित पानावरून उठेल. उठली तर मी तिच्या मागे जाईन आणि पुन्हा सांगेन.

तुमची,
सुजाता