डाग काढलेला झेंडू

७ सप्टेंबर, रविवार
नवी मॅक्रो लेन्स आली. निश्चय: रोज सकाळी साडेसहाला उठून एक क्लोजअप. क्लबच्या स्पर्धेत यंदा पहिला नंबर माझाच. बाकीचे अजून फूल फोटोच्या मधोमध ठेवतात, त्यांच्याबद्दल काय बोलायचं.

८ सप्टेंबर
साडेनऊला उठलो. ऊन कडक झालं होतं. कडक उन्हात खरा फोटोग्राफर कॅमेऱ्याला हात लावत नाही.

१४ सप्टेंबर, रविवार
कोडोलीला, सासुरवाडीला. मेहुणा सम्राटनं दसऱ्यासाठी तीस गुंठे झेंडू केलाय. नेसरीच्या संयोगिताशी त्याचं जुळत आलंय. पोरगी तयार आहे, पण तिचे वडील म्हणतात, शेतकऱ्याला पोरगी द्यायची तर आधी रान बघणार. पंचवीसला येणार आहेत.
सम्राट म्हणाला, दाजी, पानांवर बारकं डाग दिसाय लागल्यात, माझ्या मोबाईलच्या कॅमेऱ्याची काच फुटलीया, तुमच्या कॅमेऱ्यानं जवळनं फोटो काढून बसलिंगाप्पांस्नी पाठवा की. हे त्याचे औषधदुकानवाले. फोटो बघून काय फवारायचं ते सांगतात. कलेचा असला वापर मला पटत नाही, पण जेवण चांगलं होतं. काढला.

१५ सप्टेंबर, सकाळी ११, ऑफिसात
फोटो बघितला. फूल रूल ऑफ थर्ड्सच्या रेषेवर बरोब्बर, बॅकग्राउंड लोण्यासारखी. पण पानांवर ते तपकिरी डाग. नजर फूल सोडून तिकडंच जाते. हीलिंग ब्रशनं एकेक पुसला, एकोणचाळीस होते. कडेचं पिवळं पान क्रॉप केलं. हिरवा जरा वाढवला. साहेबांनी दोनदा फाईल मागितली. त्यांना कलेतलं काही कळत नाही.
हाच फोटो स्पर्धेला पाठवला आणि हाच बसलिंगाप्पांना. एडिट न करता फोटो देणं म्हणजे पाहुण्याच्या ताटात भाकरीऐवजी पीठ वाढणं.

१६ सप्टेंबर
बसलिंगाप्पांचा मेसेज: झाड झकास हाय, असलं पान वर्सात बघितलं न्हाय, काय मारू नगा. सम्राटला फॉरवर्ड केला. परक्या माणसाची पहिली दाद. लई बरं वाटलं. त्या भरात संयोगिताच्या वडिलांनाही फोटो पाठवून दिला. सोयरीक जुळवायला कलाही कामाला येते.

२० सप्टेंबर
सम्राटचा फोन. डाग वाढल्यात, कळ्याबी काळ्या पडाय लागल्यात, अप्पांस्नी नीट दाखवलं न्हवं, असं विचारत होता. नीटच दाखवलंय म्हणालो. जाणकारानं झकास म्हटल्यावर शंका काढू नये, असंही समजावलं. अप्पा म्हणल्यात म्हंजे असंल, म्हणाला आणि फोन ठेवला. शेतकऱ्यांना धीर म्हणून नसतो.

२५ सप्टेंबर
संयोगिताचे वडील रान बघून गेले. बायको, अनुजा, माहेरीच होती, तिनं येऊन सांगितलं. करपा रोगानं झेंडू पार जळालाय म्हणे. ते बांधावर उभं राहून एकदा मोबाईल बघत, एकदा रान. फोटोतला झेंडू कुठला, एवढंच विचारलं आणि चहा न घेता गाडीत बसले. मात्र त्यांना फोटो खरा वाटला होता. म्हणजे एडिटिंग जमलं.

२८ सप्टेंबर
स्पर्धेचा निकाल. माझा फोटो बाद. शेरा: प्लास्टिकची फुले चालणार नाहीत. परीक्षकांच्या चष्म्याचा नंबर वाढला असणार. अनुजाला सांगितलं. ती आधी हसली, मग तोंडाला पदर लावून रडली. माझ्या पराभवाचं तिला एवढं लागेल असं वाटलं नव्हतं.

२ ऑक्टोबर, दसरा
गाडीच्या हारासाठी झेंडू मंडईतून आणावा लागला. संध्याकाळी सम्राट आला. उभ्या झेंडूवर रोटर फिरवून रान मोकळं केलं म्हणाला. संयोगिताकडच्यांनी हातकणंगल्याच्या एका नोकरीवाल्याला होकार दिला, हे त्यानं भिंतीकडं बघत सांगितलं. मग वाकून पाया पडला. आपट्याचं पान देईल म्हणून हात पुढं केला, तर त्यानं खिशातनं झेंडूचं करपलेलं पान काढून तळहातावर ठेवलं. म्हणाला, दाजी, सोनं घ्या. डाग तेवढं तुमी काढून घ्या.
पाणीही न पिता गेला.
पान टेबलावर ठेवून फोटो काढला. सवयीनं डाग पुसायला घेतले. सगळे पुसून झाल्यावर पान उरलंच नाही. अनुजानं दारातनं विचारलं, काय करताय. काही नाही म्हणालो.