सणाच्या दिवशीचा दर

जवळा बाजार,
२७ ऑक्टोबर २००६

चि. प्रभूस ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

भाऊ मोबाईल कंपनीत आणि बहीण पत्र लिहिते, म्हणून तुझे दाजी हसून राहिलेत. हसू देत. अंतर्देशीयावर किंमत समोरच छापलेली असते आणि ती दिवाळीत बदलत नाही.

भाऊबीजेला सुट्टी नाही म्हणून तू नांदेडहून ओवाळणीत रिचार्जचे कार्ड पाठवलेस. महिनाभर निम्म्या दरात बोला, असे म्हणालास. तुझ्या शब्दावर मी तसलीच कार्डे आपल्या कटलरीच्या दुकानातून गल्लीभर विकली. ज्यांचे भाऊ येणार नव्हते, त्या बायांनी पाटावर मोबाईल ठेवून ओवाळले. शेजारच्या पार्वतीबाईने तर मोबाईललाच कुंकू लावले. बटणांत अक्षता अडकल्या. आम्ही हसतोय तोवर पुण्याला असलेल्या तिच्या भावाचा, कोंडीबाचा, आवाज मध्येच तुटला. मग एकेकीचा तुटत गेला. कार्डाच्या पाठीवर मुंगीएवढ्या अक्षरांत होते की सणाच्या दिवशी पूर्ण दर पडेल, म्हणून सगळ्यांचे पैसे निम्म्या वेळातच संपले.

पार्वतीबाईने पोरीच्या लग्नाचे आवतन शेवटी द्यायचे म्हणून राखून ठेवले होते. कोंडीबाला वाटले, आपण आलो नाही म्हणून बहिणीने रागाने फोन आपटला. तो आता तिचा फोनच उचलत नाही. पार्वतीबाई मला विचारून गेली की सभेत भाषणं गरिबाच्या बाजूनं ठोकता, अन् कार्ड काहून असं विकलं.

मी दुकानासमोर फळा लावला आहे. कोणत्या कार्डावर खरोखर किती मिनिटे बोलता येते, कापले काय जाते आणि सणाला काय होते, सगळे खडूने लिहिले आहे. पूर्वी बाजारात दलाल रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवत. माल शेतकऱ्याचा आणि भाव त्यालाच ठाऊक नाही! तो रुमाल बाबांच्या पिढीने भांडून काढायला लावला. तुझ्या कंपनीने तो पुन्हा पसरला आहे. भाव उघड सांगणे ही मेहेरबानी नव्हे, घेणाऱ्याचा तो हक्क आहे.

माझा लोभ आहेच. त्याला सणावारी वेगळा दर नाही.

तुझी,
सत्यभामाताई

---

नांदेड,
४ नोव्हेंबर २००६

ती. ताईस शि. सा. नमस्कार. दाजींनाही नमस्कार.

तुझे पत्र जेवताना वाचले आणि घास तसाच राहिला. खरे सांगतो, कार्डाची पाठ मीही वाचली नव्हती. आम्हाला समोरची बाजूच पाठ करायला लावतात.

तुझ्या फळ्याचा फोटो आमच्या साहेबांच्या टेबलावर आला आहे. बाजाराच्या दिवशी लोक तुझ्याकडे वाचतात आणि दुसऱ्या दुकानात जाऊन भांडतात म्हणे. साहेब म्हणाले की बहिणीला आवर, नाहीतर डिसेंबरात कायम होण्याचे विसर. दोन वर्षे मी ह्या डिसेंबराची वाट पाहतोय, तुला ठाऊक आहे. ताई, शाळेत तुझे भाषण थांबवायला घंटा वाजवावी लागायची आणि तरीही तू थांबत नव्हतीस. आता माझ्यासाठी थांब. महिनाभर फळा उतरव.

रागावलीस तर पत्रातच रागाव, पण पत्र पाठव.

तुझा,
प्रभू

---

जवळा बाजार,
११ नोव्हेंबर २००६

चि. प्रभूस आशीर्वाद.

फळा उतरवला. तुझ्या पोटावर पाय देऊन मला न्याय नको.

पण ते कार्ड मी विकत नाही. भाव झाकून माल द्यायला हात धजत नाही, आणि सांगून दिला तर तुझे साहेब ऐकतील. काल जळबा आला. लेक सासरी आहे, तिच्याशी बोलायला कोणते कार्ड घेऊ, एवढेच म्हातारा विचारत होता. मी बांगड्या पुसत बसले. हजार माणसांपुढे बोलणारी मी, एका माणसापुढे गप्प राहिले. तो शेजारच्या दुकानातून तेच कार्ड घेऊन गेला.

कोंडीबाला मी पार्वतीबाईच्या वतीने पोस्टकार्ड लिहिले. त्याचा राग गेला. लग्नाला येतो म्हणून त्याने कळवले. पार्वतीबाईने मला चिवडा दिला आणि वर टोमणाही, की तुमच्या भावाच्या मोबाईलपेक्षा पोस्टमन बरा.

तू जेवणाची हेळसांड करू नकोस. माया उरीपोटी आहेच, ती कागदावर काय लिहू!

ताई

---

नांदेड,
२० नोव्हेंबर २००६

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

तू न भांडता फळा उतरवलास, हे वाचून मला झोप आली नाही. भांडली असतीस तर बरे झाले असते.

आज मी साहेबांना म्हणालो की फळ्यावरचे एक अक्षर खोटे दाखवा, मी स्वतः जाऊन पुसतो. त्यांनी फोटो दोनदा पाहिला आणि मला बाहेर जायला सांगितले. डिसेंबरच्या यादीत माझे नाव नाही असेच धरून चाल. मी दुसरीकडे विचारून ठेवले आहे. काळजी करू नकोस, आणि दाजींनाही करू देऊ नकोस.

रविवारी पहिल्या गाडीने येतो. तुझा फळा अपुरा आहे, ताई. न मागता मोबाईलवर लावलेल्या गाण्याचे दरमहा पैसे कापतात, ते तुला माहीत नाही. ते बंद कसे करायचे, तेही नाही. अशा बऱ्याच गोष्टी आत बसलेल्यालाच कळतात. मोठा फळा बघून ठेव. जळबाला दुकानाशी बसवून ठेव, पहिल्यांदा त्याला वाचून दाखवू. आणि खडू नको. ऑइल पेंट आण, ब्रशही.

तुझ्या रागावर आणि मायेवर सारखाच हक्क सांगणारा,
प्रभू