पेन्सिलीने लिहिलेली नावं

ती. वन्सं यांना धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार (गुडघा दुखतोय, म्हणून मनातल्या मनातच वाकलेय).

तुमची दाढ काढली का, आणि शेजारणीशी बोलणं सुरू झालं का, ते आधी कळवा. फोनच करणार होते, पण फोनवर तुम्ही मला बोलू कुठे देता? कागद बिचारा गप्प ऐकून घेतो.

तर वन्सं, आनंदाची बातमी. दोन्ही पोरांना नन्सच्या शाळेत घेतलं. हे गेल्यापासून मला एकच धास्ती होती, ताई एका शाळेत, बाळ्या दुसऱ्या शाळेत आणि मी मधे लॉन्ड्रीत इस्त्री धरून उभी. काचेच्या दारांची ती शाळा ताईला घ्यायला तयार होती, बाळ्याला म्हणे पुढच्या वर्षी. मग नन्सकडे फॉर्म आणायला गेले, तर बाळ्याने व्हरांड्यातच चड्डी ओली केली. मी पदर पसरून तळं झाकत उभी. तेवढ्यात एक उंच सिस्टर आली, स्वतः फडकं आणून पुसलं आणि बाळ्याला म्हणाली, "माझ्या हातून पाणी सांडलं रे, सरक जरा." झालं, माझं तिथेच ठरलं. (तुम्ही म्हणाल, शाळा अशी निवडतात का? मग कशी निवडतात? आणि पोरं त्यांची प्रार्थना शिकतील म्हणून घाबरू नका, आपली तरी कुठे म्हणतात!)

फॉर्मात मात्र मी सढळ हाताने थापा मारल्या. बाळ्याला शंभरापर्यंत अंक येतात म्हणून लिहिलं (येतात एकोणतीसपर्यंत, मग गडी परत एकावर). आधी कुठल्या शाळेतून काढून टाकलंय का, तर 'नाही'. बालवाडीच्या बाईंच्या मनगटावर त्याचे दात अजून दिसतात, ते तुम्हाला ठाऊक आहेच.

फॉर्म द्यायला गेले, तर शेजारच्या चर्चमध्ये लाकडी कपाटासारखी केबिन, तिला जाळीची खिडकी, पुढे चार माणसं रांगेत. म्हटलं, हीच फॉर्मची खिडकी. नंबर आला तर बसायला खुर्ची नाही, गुडघे टेकायला फळी! टेकले (दुखणं तिथलंच). पलीकडून कुणी हळूच विचारलं, याआधी कधी आला होतात? म्हटलं, पहिल्यांदाच, पण पोरगी तीन वर्षांची असल्यापासून मनात होतं. म्हणाले, मनात काय आहे ते सगळं सांगा. वन्सं, इतक्या मायेने कुठल्या खिडकीवर विचारतात हो? मी अंक सांगितले, दात सांगितले, आणखी एक गोष्ट सांगितली, ती खाली येईल. पलीकडे बराच वेळ नुसता खोकला. मग म्हणाले, ज्यांच्याशी खोटं वागलात त्यांना खरं सांगून टाका. आणि फॉर्म बाहेर, डाव्या हाताला, ऑफिसात.

ती पापं सांगायची जागा होती!

मुलाखतीला सिस्टरच्या शेजारी तेच फादर. आवाजावरून ओळखलं. सिस्टरने विचारलं, "याला शंभरापर्यंत येतात?" मी म्हटलं, "फादर, तुम्हीच सांगा ना, तुम्हाला सगळं बोललेय मी." फादर छताकडे बघत म्हणाले, "तिथलं मी तिथेच ठेवतो, बाई." चेहऱ्यावर एक सुरकुती नाही, जसा आत्ताच इस्त्रीखालून काढलाय. (तिथलं बाहेर बोलायचं नाही, असा त्यांचा नियमच आहे म्हणे. वन्सं, हा नियम आपल्या घराण्यात असता तर!) शेवटी मीच सगळं पहिल्यापासून सांगितलं. दात दाखवायला बाळ्या स्वतः पुढे झाला. सिस्टर डोळे पुसेपर्यंत हसली. म्हणाली, एकोणतीसच्या पुढचं आम्ही बघू.

तेव्हा तुमची फार आठवण आली. एकोणतीसपर्यंत तुम्हीच आणलंत ना त्याला. आठ दिवसांसाठी आलात आणि चार महिने राहिलात, मला उठवलंत, जेवायला लावलंत. ते मी कधी बोलून दाखवलं नाही. तुम्ही बोलू द्याल तेव्हा ना!

तुमचीच,
आगाऊ भावजय

ता. क. फॉर्मात 'दुसरे पालक' असा रकाना होता. मी कामावर असताना हाक मारली तर धावून येणारं कुणीतरी हवं, नाहीतर घेत नाहीत. मी न विचारता तुमचं नाव लिहिलं, सहीसुद्धा ठोकली. खरं सांगायचं राहिलं होतं ते तुम्हालाच. सिस्टरने सही खोडली आणि पोरांची नावं पेन्सिलीने लिहिलीत. शुक्रवारच्या आत तुम्ही येऊन सही केलीत तरच शाईने लिहिणार.

ता. क. २. काल जेवताना बाळ्या आपणहून 'तीस' म्हणाला. पुढचं म्हण म्हटलं, तर म्हणतो, आत्या आली की.