घरचीच माणसं घालून सांगितलेल्या म्हणी

आनंद नगर, भोपाळ

ती. मामांच्या पायांवर नरहरचं डोकं, आणि मामींना आम्हा उभयतांचा नमस्कार. गुडघा कसा आहे? तेल लावून उन्हात बसता ना? इकडे सगळे ठीक आहेत, म्हणजे प्रकृतीने. बाकीचं सांगायला हे पत्र. (फोनवरही सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही मध्येच रागावता. पत्रावर रागावलात तरी मला ऐकू येत नाही.)

माझा नाद तुम्हाला ठाऊक आहेच. कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून मी म्हणींच्या मागे लागलो आहे: कुठली म्हण कुठून आली, मुळात कोणावर बेतली. खरं तर बहुतेक म्हणींबद्दल हे कोणालाच माहीत नसतं, त्यामुळे आपण सांगू ते चालतं. गेल्या गणपतीत इथल्या मंडळात मी ‘आयत्या बिळावर नागोबा’ची कुळकथा सांगितली आणि रंग भरावा म्हणून बिळाच्या जागी सरकारी क्वार्टर घातलं. भाच्याच्या क्वार्टरमध्ये वर्षानुवर्षं राहणारे बाळू कुऱ्हेकर प्रसाद न घेता उठून गेले. तेव्हापासून शशिकलेचा नियम आहे: म्हण सांगायचीच तर घरचं माणूस घालून सांगा, परक्याला दुखवू नका. नियम चांगला आहे. मी तो पाळला, एवढीच माझी चूक.

गेल्या रविवारी ओंकारच्या लग्नाच्या बोलणीसाठी साकेत नगरला काशिनाथरावांकडे गेलो. (मूळ नागपूरचे. वडील सरकारी कचेरीबरोबर इकडे आले ते इथलेच झाले.) त्यांची केतकी आपल्या ओंकारला मनापासून आवडली आहे, हे जमलं नाही तर दुसरी मुलगी दाखवायची नाही, असं त्याने आईला बजावून ठेवलंय. पोहे झाले, हवापाणी झालं, आणि काशिनाथराव सहज म्हणाले, "तुम्हाला म्हणींचं वेड आहे म्हणे. तो उंटावरचा शहाणा कोण हो?"

मी म्हटलं, "आमच्या आजोबांचे चुलतभाऊ."

मडकं वाचवण्यासाठी त्यांनी रेड्याची मान कशी कापायला लावली, ते मी साभिनय सांगितलं. मंडळी हसली, माझी कळी खुलली. मग ‘नाचता येईना अंगण वाकडं’ आत्याच्या नावावर गेली, ‘आंधळं दळतं कुत्रं पीठ खातं’ थोरल्या काकांच्या कारभारावर. ‘चोराच्या उलट्या बोंबा’ला एक चुलते घातले, तोवर हसू थांबलं होतं, पण माझ्या लक्षात आलं नाही. काशिनाथरावांच्या पत्नी सुधाताईंनी हळूच विचारलं, "म्हणजे चोरी झाली होती का?" शशिकला पदराआडून चिमटे काढत होती, मला वाटलं, आणखी सांगा म्हणतेय.

शेवटी मी घाईघाईने खुलासा केला, की हे सगळं बनावट, यातलं कोणी नव्हतंच. काशिनाथराव समजूतदारपणे म्हणाले, "असू द्या हो. प्रत्येक घरात थोडंफार असतंच. झाकू नये." परतताना ओंकार गाडीत एवढंच बोलला, "बाबा, तुम्ही तर पूरं खानदानच निपटवलंत. आता दाखवायचं कोणाला?"

बुधवारी निरोप आला. मुलगा पसंत आहे, मुलीचा होकार आहे; पण सुपारी फोडण्याआधी मुलाकडचं एखादं वडीलधारं माणूस पाहायला मिळालं तर बरं. मामा, तुमच्याइतकं भारदस्त माणूस आमच्यात दुसरं नाही. येत्या रविवारी याच.

तुमच्याच भरवशावर असलेला,
नरहर

ता.क. वर एक म्हण सांगायची राहिली. निघता निघता मी ‘बोलाचीच कढी, बोलाचाच भात’ही सांगितली: साऱ्या वऱ्हाडाला जेवायला बोलावून दाराला कुलूप लावून गेलेले आमचे अकोल्याचे मामा. (यात तथ्य नाही. तुम्ही कोणाला जेवायला बोलावल्याचं मला आठवतच नाही.) काशिनाथरावांना बाकी कोणी नकोत, तेच मामा पाहायचे आहेत. म्हणतात, "त्यांनी खरोखर कढीभात वाढला, तर बाकीच्या गोष्टीही बनावट धरू." रविवारी ते सहकुटुंब आमच्याकडे जेवायला येताहेत. निमंत्रण तुमच्या नावाने गेलंय.

आणखी एक ता.क. शशिकला म्हणते, कढी मामी करतील, तुम्ही नुसती पळी धरा. आणि अगदीच जमत नसेल तर मामींना एकट्यांना पाठवा. मात्र मामा का आले नाहीत, असं काशिनाथरावांनी विचारलं, तर मला पुन्हा काहीतरी सांगावं लागेल.