विलायती गाणं आणि माझा धवला

३ एप्रिल
सुरभीला वही घेऊन बसवलं. मला अक्षर येत नाही, तोंड चालतं. मी सांगते, नात लिहिते. तिचं लग्न वीस दिवसांवर — तोवर फुकटची कारकून.

आदेश डोलवीहून शिफ्ट संपवून आला. चिरंजीव आमचे, वय बावन्न. चप्पल काढायच्या आधी गाणं सुरू. तेच. तीस वर्षांपूर्वी त्याच्या दोस्तानं, महमूदनं, कुवैतहून त्या विलायती टोळक्याची कॅसेट आणून दिली, तेव्हापासून घराला हा आजार. कॅसेट तुटली. आता मोबाइलमधून ओरडतात.

५ एप्रिल
विचारलं, म्हणतो तरी काय गो तो?
"घरी येतोय म्हणतो, आजी. वाट लांब हाय."
पन्नास वर्षं झाली म्हणे गाण्याला. अजून पोचला नाही. तेवढ्यात मी गडबहून पेणला वालाच्या शेंगा विकून हजारदा घरी आले. गिटार नाही वाजवली कुणी.

आदेश म्हणतो, "आई, साऱ्या जगाला पाठ हाय हे." पाठ कसलं? डबा वाजतो, हे मान हलवतात.

९ एप्रिल
मी धवलारीण. आमच्यात हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीला वेगळा धवला गावा लागतो. धवला थांबला की हळद लावणारीचा हात थांबतो. सासूनं शिकवले, भाताची लावणी करता करता. माझ्यामागं कुणी नाही.

सुरभी म्हणाली, "सांग ना, लिहून घेते." मला हसू आलं. वाणसामानाची यादी आहे का ती? धवला तोंडातून तोंडात जातो. कागदावर ठेवला की मेला.

१० एप्रिल
पुन्हा तेच गाणं. दोनदा.

२२ एप्रिल
हळद झाली. सुरभीचे हात पिवळे, वहीला डाग पडतोय. लिहू का विचारते. लिही.

तिसऱ्या धवल्याची चौथी ओळ आली नाही. शेजारची ठमाबाई हळद लावत होती. तिचा हात तसाच, नवरीच्या गालापासून चार बोटांवर. सगळ्या बायका माझ्या तोंडाकडे. ठमाबाई म्हणाली, "आजीला पानी द्या गो." पाणी नको होतं मला.

मग बेंजोवाल्यांनीच सुरू केलं. नवरीच्या बापाच्या आवडीचं, तेच विलायती. अख्खा मांडव नाचला. महमूदही, गुडघे धरून.

२६ एप्रिल
नात रोह्याला सासरी गेली. आज आदेश लिहितोय. कोंबडीचे पाय म्हणे त्याचं अक्षर.

सकाळपासून ती ओळ शोधतेय. भांडी घासताना तोंडात काहीतरी आलं, वाटलं सापडली. ते मेलं विलायती गाणं होतं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकाही शब्दाला न अडखळता. अर्थ एकाचाही ठाऊक नाही. कुणी शिकवलं नव्हतं, मी शिकलेही नव्हते.

२७ एप्रिल
आदेशला सांगितलं, ते बंद कर आणि जाड वही आण. धवले सांगते. तिसऱ्यात चौथ्या ओळीची जागा मोकळी सोड.