कात्रणात गेलेले बावीस

आदरणीय दादांना नमस्कार,

गुडघ्याचं कसं काय? जिना कमी चढता ना? आमच्याकडे तब्येती ठणठणीत आहेत. घरात बोलणं बंद आहे, पण त्याने तब्येत बिघडत नाही (उलट घशाला आराम पडतो, असा माझा अनुभव).

कारण ऐका. तुमची बहीण ज्या पाळणाघरात कामाला आहे, तिथल्या मुख्य बाई निवृत्त होताहेत. ती जागा हिला मिळू शकते, पण दहावी पास हवी, आणि हिचं गणित राहिलेलं. नाहीतर कालपरवा आलेल्या पोरीच्या हाताखाली काम करावं लागेल, आणि ते हिला जमणार नाही हे तुम्हाला मी काय सांगावं! तुम्ही गणिताचे मास्तर, पण राहता लांब. म्हणून मीच म्हटलं, मी शिकवतो. जन्मभर शिंपी म्हणून मापं घेतली, एक वर्गमूळ काय जड आहे? (माझ्या तोंडाला तेव्हाच टाके घालायला हवे होते.)

बहात्तरचं वर्गमूळ पुरतं निघत नाही, म्हणून सोपं करायचं होतं. मी बहात्तरचे तुकडे पाडले: तीन वेळा दोन, दोन वेळा तीन. जोडी जमली की जोडीमागे एक बाहेर, एकटा राहिला तो आतच. इथवर बिनचूक. एक दोन बाहेर आला, एक तीन बाहेर आला, उरलेला दोन आत बसला. मी बाहेरच्यांची बेरीज केली आणि उत्तर दिलं, ५√२. हिने वही ओढली, पाचा पाचा पंचवीस, पंचवीस दुणे पन्नास केलं, आणि वरचे बावीस कुठे गेले म्हणून विचारलं. दादा, दुकानात हा प्रश्न मला रोज येतो आणि उत्तर ठरलेलं आहे. मी म्हणालो, "कात्रणात गेले."

हिने मुकाट्याने दोन-तीनचा गुणाकार करून सहा काढले, छत्तीस दुणे बहात्तर असा ताळाही पाहिला आणि म्हणाली, "गिऱ्हाइकं गरीब आहेत हो तुमची." तेव्हापासून अबोला. माझं ५√२ मात्र स्वयंपाकघराच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवलंय, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला. मी रोज त्याखाली बसून जेवतो. तेव्हा दोन दिवस येऊन हिला शिकवून जा.

तुमच्या बहिणीचा नवरा
(आणि माजी मास्तर)

ता. क. पत्र खिशातच राहिलं (खिसा खोल आहे, मीच शिवलाय). तेवढ्यात पेपर झालासुद्धा. येऊ नका. बहात्तर आलंच नाही. पन्नासचं वर्गमूळ सोपं करा, असं आलं, आणि हिने भिंतीवरचं उत्तर जसंच्या तसं उतरवलं.

आणखी एक ता. क. निकाल लागला. ही काठावर पास. त्या एका गणिताचे गुण गेले असते तर नापासच होती. जागा मिळाली. घरी येऊन म्हणाली, "इतकी पक्की चूक दुसऱ्या कोणी शिकवली असती मला?" मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

शेवटचा ता. क. आता ही बारावीला बसणार म्हणते, आणि शिकवणी माझ्याकडेच. वर्गमूळ नेमकं कसं काढतात ते सविस्तर लिहून पाठवा. पत्ता दुकानाचा घाला.